प्रेफरन्स

मार्केट यार्डाच्या गेटासमोर माझं दुकान.
झेरॉक्स, पॅन कार्ड, सातबारा, सर्व फॉर्म भरून मिळतील.
हळदीचे सौदे चालू असले की
कीबोर्डच्या फटीतसुद्धा पिवळं साचतं,
एंटर दाबलं की बोटाला लागतं.

बिराप्पा आत आला तो तिरका होऊन.
दारं आपल्यापेक्षा अरुंद असतात,
ही त्याच्या खांद्यांची जुनी समजूत.
मागून मायाक्का. फॉर्मवर नुसती माया.
दहावी, एकाहत्तर टक्के.

आयटीआय. प्रेफरन्स एक ते पाच.

"प्रेफरन्स म्हंजे काय वो ताई?"
पसंतीक्रम, मी म्हणाले.
"ते आपलं मराठी झालं.
ह्यो शब्द सोता काय म्हनतोय?"

सर्व्हर गरगरत होता, वेळ होता.
पुण्यात भाषाशास्त्राची दोन वर्षं केली होती मी,
तिसरं राहिलं.
म्हटलं, मूळ लॅटिन आहे.
प्रे म्हणजे पुढं. फेर म्हणजे वाहणं.
जे पुढं धरून न्यायचं, ते.
आणि हे फेर, आपला भार, आपलं भरणं,
सगळी एकाच घरची,
फार पूर्वी वाटण्या झालेली.

"म्हंजे हमालीच की!"
इतका हसला की झेरॉक्सवरचा पोरगा थांबला.
मग हसू हळूहळू उतरलं,
पोतं उतरतं तसं, आधी एक कोपरा.
"पन ताई, आमी पुढं न्हाई वाहत.
पाठीवर येतं ते दुसऱ्याचं.
पुढं धरतो त्येवढं आपलं."

मी विचारलं नव्हतं. तोच सांगू लागला.
महापुराच्या साली, गल्लीत छातीएवढं पाणी,
पाठीवर म्हातारी,
ती कोंबड्या राहिल्या म्हणून कृष्णेलाच शिव्या देतेय,
आणि पुढं, दोन्ही हातांत,
पिठाचा डबा.
"पीठ न्हवतं त्यात. हिची पुस्तकं.
न्हाईतर येतच न्हाई म्हनली."

"बास की, आप्पा."
मायाक्कानं माउस ओढून घेतला.
एक नंबरला: डिझेल मेकॅनिक.
"शिवणकाम न्हाई का त्यात?"
"हाय."
पुढचे चार रकाने तिनं कोरे सोडले.
आपणास खात्री आहे का, असं यंत्रानं विचारलं.
मीही विचारणार होते.
बिराप्पा पडद्याकडं बघत होता,
वाचता येत नसलेल्या अक्षरांकडं,
काट्यावरचं वजन बघावं तसा.
"दाब," म्हणाला.

तीस रुपये दिले. नोटा पिवळ्या.

शटर ओढताना रोज मोजते मी,
आज किती भरले.
सत्तावीस.
सत्तावीस भरले, असं मोठ्यानं म्हटलं
आणि त्या जुन्या घरचं क्रियापद
जिभेवर जरा जड झालं.
दोन्ही हात कुलपात गुंतलेले.
पुढं काहीच नव्हतं धरलेलं.