दोन बोटं खाली

राजारामपुरीच्या शोरूममध्ये
दारातच थंड पाणी दिलं, ग्लासाखाली बशी ठेवून.
मॅडम, बसा ना.
पतसंस्थेच्या मॅनेजरनंही आजवर
मला बसा म्हटलेलं नाही,
म्हणून मी जरा जास्तच वेळ बसले,
पिग्मीची पिशवी मांडीवर घेऊन.

टाय लावलेल्या पोरानं सायकलभोवती फेरी मारली,
नाडी बघावी तसा ब्रेक दाबला.
हे मॉडेल बंद झालं, मॅडम. फ्रीव्हील येत नाही आता.
मग मालकाची पाठ फिरल्यावर, टाय सैल करत, हळूच:
गंगावेशीत जावा. दुधाच्या कट्ट्याच्या अलीकडं.
पाटी न्हाई, टायर टांगलेत.

घरी पोचायच्या आत मोबाइल वाजला.
आमची सेवा कशी वाटली? पाचपैकी तारे द्या.
मी पाचच्या पाच दिले.
काय आवडलं, त्या चौकटीत लिहिलं,
पत्ता बरोबर सांगितला.

दस्तगीर शिकलगारच्या दुकानात बसायला काही नाही.
एक स्टूल आहे, त्यावर पान्यांची पेटी बसते.
तो घमेल्यातल्या पाण्यात कुणाची तरी ट्यूब बुडवून
बुडबुड्याची वाट बघत होता,
रंकाळ्यावर गळ टाकून बसलेल्या माणसासारखा.
अहो, चेन उतरतीया.
थांबा.
पेठेत अकरा खातेदार राहिलेत माझे.
मग जावा की.

मी थांबले.
कट्ट्यावर म्हशी आल्या, धारा झाल्या,
माणसं मिशांवरचा फेस पुसत घरला गेली.
तेव्हा कुठं त्यानं माझी सायकल उलटी केली,
पेडल फिरवलं आणि ऐकलं.
बघितलं नाही. ऐकलं.

काय घातलंय चेनला?
तेल.
कसलं?
मी गप्प. परवाच्या वड्यांचं उरलेलं शेंगतेल होतं.
खोबऱ्याचं तरी घालायचं, वास बरा आला असता.
हाताखालचं पोरगं हसलं, त्याला शिवी बसली.
त्यातली अर्धी माझी होती, मी मुकाट घेतली.

मग बॅटरी धरायला लावली. हात हलला की
हूं.
पिशवी डाव्या मुठीला अडकवता.
व्हय.
बाजू बदला. चाक एका अंगानं झिजलंय, तुमच्यागत.

फ्रीव्हील काढलं ते छताला टांगलेल्या एका सायकलीचं.
पुराच्या साली कुणी तरी चिखलासकट ठेवून गेलेलं,
परत न्यायला आलंच नव्हतं.
नट सैल करताना तो तिच्याशीच बोलल्यासारखा म्हणाला,
आता काय येत न्हाई त्यो.

किती झाले?
सत्तर.
राहू दे म्हणाला तर काय म्हणायचं
हे मी बॅटरी धरल्या धरल्या ठरवून ठेवलं होतं.
त्यानं सत्तर घेतले, दोनदा मोजले.
धन्यवाद म्हटलं तोवर तो पुन्हा घमेल्यात.

दुसऱ्या दिवशी बिंदू चौकात थांबले
आणि पाय जमिनीला टेकला.
पुरा. टाचेसकट.
गुडघा धरल्यापासून चार वर्षं
मी फूटपाथची कड शोधत थांबते, नाही तर उडी मारते.
हे कुणाला सांगितलेलं नाही. घरात तर नाहीच.
वाकून बघितलं.
सीटखालची गंजाची जुनी रेघ नळीच्या आत गेली होती.
दोन बोटं, फार तर.
मागून रिक्षावाला ओरडला, ओ ताई, हला की!
मी पाय उचलून पुन्हा एकदा टेकवून बघितला.

सांजच्याला मुद्दाम गंगावेशीवरनं गेले.
सीटचं कसं विचारावं कळेना,
म्हणून म्हटलं, पिग्मी उघडता का?
व्याज किती?
मी खरं ते सांगितलं.
मग पोष्टातच बरं की.
व्हय, म्हटलं. पोष्टातच बरं.