पिवळा स्टिकर

प्युब्लोचा वारा नेहमी आडवाच येतो.
विक्रीच्या गाड्यांवर टांगलेल्या तिकोनी पताका
सकाळपासून फडफडतायत,
आणि त्यांच्याखाली वेन्डल सांगतोय,
ही काहीही ओढेल, मॅडम. घर बांधा हिच्यामागे, घर ओढेल.

घरच तर ओढायचंय.
बेचाळीस फुटांचं, भिंती बाहेर सरकणारं,
भरलं की सोळा हजार पौंड.
त्यात माझा पाटा-वरवंटा धरलेला नाही.

दिगंबर लाल ट्रकला प्रदक्षिणा घालतोय. तिसरी.
चौतीस वर्षं राखाडी गाडीतून ऑफिसला गेलेला माणूस,
आता बॉनेटमध्ये स्वतःचा भांग बघतोय.
घे की गं, म्हणतो.
जसा मी आंब्याचा भाव करतेय.

मी ड्रायव्हरचं दार उघडते, वाकते,
चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचते.
गाडीवर खरं बोलणारी तेवढीच एक जागा.
माणसं आणि सामान मिळून
दोन हजार तीनशे अठरा पौंड. बास.

ओढणं वेगळं, वेन्डल. पेलणं वेगळं.
हा ट्रेलर मागे लोंबत येत नाही,
तो मानगुटीवर बसतो,
आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा
ट्रकच्या पाठीवर टाकून मोकळा होतो.
तीन हजार दोनशे.
त्याला धरणाऱ्या लोखंडाचे दोनशे.
मग मी, मग दिगंबर
(त्याचं खरं वजन मी वेन्डलच्या कानात सांगते),
मग बटाटा, आमचा कुत्रा,
जो स्वतःहून कशातच उतरत नाही, वजनकाट्यावरून सोडून.

वेन्डलच्या कागदावर यातलं कुणीच नाही.
त्याच्या हिशेबात एक ड्रायव्हर,
दीडशे पौंडांचा, बिनलग्नाचा, बिनजेवणाचा.

माझे वडील इस्लामपूर डेपोत मेकॅनिक होते.
पहिली एसटी सुटायच्या आधी
लोखंडी दांड्याने टायर ठोकत जायचे,
मान कलती, डोळे मिटलेले,
जसं कुणी घरात झोपलंय.
मागच्या जोडचाकांशी जास्त वेळ थांबायचे.
आतलं फसवतं, म्हणायचे,
बाहेरचं त्याला सांभाळून घेतं. घाटापर्यंत.

कुंपणाजवळ एक पांढरा ट्रक आहे. डिझेल.
मागे चार चाकं, म्हणून कंबर रुंद.
दारावर खरवडून काढलेल्या नावाची सावली,
कुणाचा तरी घोड्यांचा धंदा होता.
सीटखाली वाळल्या गवताच्या काड्या.
स्टिकर म्हणतो पाच हजार एकशे.

पाना द्या जरा.
वेन्डल हसत देतो.
मी ठोकते. उजवं बाहेरचं, ठण्ण.
उजवं आतलं, ठण्ण.
डावं बाहेरचं, ठण्ण.
डावं आतलं
बद्द.

वेन्डल हसायचा थांबतो. हवा मोजायला गुडघ्यावर बसतो.
तीस पौंड कमी, आणि आतल्या बाजूला बोटभर चीर.
उठतो तेव्हा पॅन्टला माती,
आणि पहिल्यांदाच मला मॅडम न म्हणता विचारतो,
कुठे शिकलात?

एका एसटी डेपोत, मी म्हणते. चार नवे टायर घालून द्या.
दोन, तो म्हणतो.
चार.
पताका फडफडतात.
चार.

त्या रिकाम्या ट्रकमधून आम्ही एकदा
डोंगराकडे जाऊन आलो. उतारावर मी
इंजिनाला ब्रेक लावायला सांगितलं, तेव्हा तो
खालच्या आवाजात कुरकुरला
आणि थांबला. मला तेवढंच ऐकायचं होतं.

सह्या करायच्या आधी दिगंबर बाहेर गेला,
लाल ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवून आला.
मी काही म्हटलं नाही.

परतताना मात्र म्हणाला,
अगं, हा आपल्या दारात मावायचा नाही.
मागची चाकं थेट गुलाबांच्या वाफ्यात येतील.

येऊ देत.
गुलाब कुठे वजनात धरलेत?