पाण्याचा वार

आमच्या गल्लीत पाचव्या रात्री पाणी येतं.
कधी दोनला, कधी साडेतीनला,
कधी नळाची नुसती घरघर, आणि काहीच नाही.
पूर्वी अम्मा गजर लावायची.
मग वेंकू जागा राहायला लागला
आणि गजर सुटला.

“पोरगं कामाचं निघालं,” नाना म्हणाले.
पिंप, घागरी, बादल्या, अगदी देवाजवळचा तांब्यासुद्धा
सकाळी काठोकाठ.
दासरी काकू सांगून ठेवायच्या,
पाणी सुटलं की आमचंही दार वाजव रे.
तो वाजवायचा.

बाकीच्या चार रात्री तो काय करतो
हे कुणी विचारलं नाही.

मीही नाही. मला उजेड दिसायचा
चादरीच्या आत, निळसर,
डबक्यातल्या माशासारखा हलणारा.
“डोळे जातील बे,” म्हणून मी कूस बदलायचे.
दिवसभर टॉवेलच्या घड्या घातल्यावर
माणसाला एवढंच बोलता येतं.

निकाल लागला, त्याचे मित्र पुण्याला गेले.
त्यांची हॉस्टेलं, त्यांचे वाढदिवस, त्यांचे गॉगल
रोज रात्री आमच्या दहा बाय बारात यायचे.
तो अंगठ्याने त्यांना वर ढकलायचा.
खालून आणखी यायचे.

सिव्हिलमधल्या डॉक्टर बाईंनी विचारलं,
“फावल्या वेळात काय करतोस?”
अम्मा मध्येच हसली.
सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळणारीला
तो शब्दच पाहुणा.
वेंकू बराच वेळ पंख्याकडे बघत होता.
“बघत बसतो,” म्हणाला.
“बघताना मी नसतोच. ते बरं असतं.
थांबलं की परत असतो.”

फोन काढूनच घेते, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.
बाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला.
“सगळंच तसं असतं का रे?”

नाही. एक म्हातारा आहे, कुठल्या तरी थंड गावातला.
बंद पडलेली घड्याळं उघडतो. बोलत नाही.
तेवढ्यावर झोप येते.

त्या रात्री मी अंथरूण त्याच्याजवळ ओढलं.
“दाखव तुझा म्हातारा.”
चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग.
उचलली, निसटली, पुन्हा उचलली.
बाहेर उन्हाळ्याने भिंती अजून तापलेल्या,
आणि तिकडे त्याच्या खिडकीत बर्फ.

पाण्याच्या वारी नळ घरघरला तेव्हा
मीच उठले. पाइप लावला,
दासरी काकूंचं दार वाजवलं.
“तू कशी? वेंकू कुठाय?”
“झोपलाय,” म्हटलं.

डोळे मिटलेले होते खरे.
मी फार वाकून पाहिलं नाही.