घडीआधीची रेघ

सुरीची पाठ नको, इनास मेस्त्री म्हणायचे,
कार्ड तेव्हा सोसतं, मग लग्नाच्या दिवशी
नेमकं नवरदेवाच्या नावावर तडकतं.

दाभोली नाक्यावरचा छापखाना, खाडीचा दमट वारा,
टेबलावर तीनशे ग्रॅमचे गठ्ठे.
मी एकेक हत्यार पुढे करायची.
संपलेलं बॉलपेन: "बरां आसा,
पण शाई संपली हा काय, आधी बघ."
विणायची सुई घसरली.
आईच्या शिंगाच्या फणीची मोडकी पाठ काढली तर
पहिल्या सहा पत्रिकांवर खोबरेलाचे डाग.
ते हसले नाहीत. त्या सहा
घरी घेऊन गेले, मागे हिशेब लिहायला.

"आधी कागदाची नस बघ.
तांबोशी साफ करतंस मा?
खवलां खंयच्या अंगान जातत, हाताक कळता. तसांच."
मी कार्ड दोन्हीकडून वाकवून बघायची,
जिकडे मुकाट वाकेल तिकडे रेघ.

मग एकदा खिशातलं हाड दिलं त्यांनी.
पिवळट, बोटाएवढं, टोकाला गोल.
कसलं, विचारलं की कधी म्हैस, कधी देवमासा.
दाबायचं नाही. कागदाला नुसतं सांगून ठेवायचं,
इथे वाकायचंय.

उत्तरकार्याच्या पत्रांना मात्र
ते काहीच लावत नसत.
पातळ कागद. नख पुरतं.

शुक्रवारी त्यांच्याच महिन्याच्या मिसाची पत्रं
छापून टेबलावर आली.
पातळच. घरच्यांनी तसंच सांगितलेलं.
मी हाड काढलं,
दीडशे पत्रं, दीडशे रेघा.
नख पुरलं असतं.