शेवटचं माप

आधी ऐकलं ते दुर्योधननं.
ओडिशाचा पोरगा, कामाला जाळ्यावर,
इंजिनातलं त्याला ओ की ठो कळत नाही,
पण झोपतो तो इंजिनाच्या डोक्यावरच्या फळीवर
आणि त्या रात्री त्याला झोप लागेना.
टक्. टक्. थोडं थांबून, टक्-टक्.
सकाळी तांडेलाला म्हणाला, आत कुणीतरी दार वाजवतंय.

तांडेल हसला. जाळ्यात बांगडा होता.
दुपारी, काब-द-रामाच्या समोर,
दार उघडलं.

दुसऱ्या ट्रॉलरनं ओढत आणली तिला कुटबणला.
रुझार जेटीवर उभा, ओठांत न पेटवलेली विडी.
"शाबा, किदें जालें तें पळय मरे."
मी डिपस्टिक काढली, फडक्याला पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.
तेल दूध घातलेल्या चहासारखं.
पुन्हा घातली.
कशाला, ते मलाही माहीत नाही.

सहा सिलिंडर. माझ्या थोरल्या मुलीच्या वयाचं इंजिन.
आधी बार्जवर होतं, खनिज वाहायचं.
खाणी थांबल्या तेव्हा रुझारनं ते किलोच्या भावानं घेतलं
आणि आम्ही दोघांनी, एका पावसाळ्यात,
माझ्या कुंकळ्ळीच्या शेडमध्ये उभं केलं.
त्याच शेडमध्ये आता चेनपुलीला लटकलेलं.
चेंबर सोडला, हात आत घातला,
मुठीत बेअरिंगचे कपटे आले, चोणकाच्या खवल्यांसारखे.
तिसरा रॉड कोयत्यासारखा वाकलेला.
लायनर उभा चिरलेला.
ब्लॉकला भोक, अंगठा जाईल एवढं.
आणि तळाशी, गाळात,
मान बारीक होऊन तुटलेला एक बोल्ट.

हा बोल्ट मी ओळखतो.

दोन वर्षांमागे, सायबाच्या फेस्ताच्या दिवशी
मडगावची दुकानं बंद.
नवे बोल्ट उद्या मिळाले असते.
उद्यापर्यंत बांगडा थांबतो थोडाच.
जुनेच डिझेलनं धुतले, तेल लावलं, आवळले.
टॉर्कचा काटा बरोबर जागेवर आला.
काट्याला वय कळत नाही.

क्रँक घेऊन आंतोनच्या लेथवर गेलो.
त्यानं मायक्रोमीटर लावला, चष्मा कपाळावर सारला.
दहा झालेत, वीस झालेत, तीस झालेत.
आता चाळीस थाउ.
आणि पुढं?
पुढं कंपनी बेअरिंगच करत नाही, आंतोन म्हणाला,
आणि चहा मागवला.

ब्लॉकला वेल्डिंग नको म्हणालो मी.
बीड आहे. आग लावली की आणखी फाटतं.
त्याला थंडच टाके घालावे लागतात,
एक भोक, एक पिन, शेजारी दुसरं भोक,
पाच दिवस बसून, कान जवळ नेऊन,
गोधडी शिवतात तसं.

सहाव्या दिवशी रुझार आला.
मी टेबलावर बोल्ट ठेवला, बाजूला हिशोबाचा कागद.
त्यानं आधी बोल्ट उचलला.
लोंबत्या बल्बखाली फिरवला, अंगठ्यानं मान चाचपली.
"फेस्ताच्या दिसा," तो म्हणाला.
म्हणजे त्याला आठवत होतं.
घाई कुणाला होती, ते तो बोलला नाही.
जुने चालतील असं कोण म्हणालं, ते मी बोललो नाही.
बाहेर कुणाचा तरी टेम्पो रिव्हर्स घेत राहिला बराच वेळ.

मग त्यानं कागद वाचला.
लायनर, पिस्टन, रॉड, क्रँक घासणं, टाके,
बारा बोल्ट, नवे.
खिशातून पेन्सिल काढून माझ्याकडे सरकवली.
"हांगा एक ओळ उणी."
मी मजुरी लिहिली. निम्मी.
त्यानं खोडून पूर्ण केली. पैसे मात्र हप्त्यानं देतो म्हणाला.

क्रँकच्या कडेला आंतोननं ठोकलंय: ४०.
बसवताना मी त्यावरून बोट फिरवलं.
आणखी किती सीझन, ते रुझारनं विचारलं नाही.

सुरू झालं तिसऱ्या सेल्फला.
आधी काळा धूर, मग निळसर, मग नुसती थरथर.
दुर्योधन फळीवर ओणवा, तळवा लाकडावर टेकलेला.
"कोण आहे आत?" मी विचारलं.
"आता कुणी नाही," तो म्हणाला.

पण त्याची चादर आणि उशी
त्यानं सकाळीच नाळेकडे हलवली होती.