शिंपला

विंडहुकच्या शोरूममध्ये नवी गाडी उभी होती,
टायरच्या खाचांत अजून धुळीचा कण नाही.
सेल्समन म्हणाला, सात वर्षं हप्ते.
सात वर्षं!
तोवर माझी धाकटी माझ्या खांद्याला लागेल.
आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर?
"गाडी इकडे घेऊन या."
इकडे म्हणजे सातशे किलोमीटर.

मी बोअरवेलचे पंप दुरुस्त करते, ओपुवोच्या पुढे,
जिथे रस्ता नदीच्या कोरड्या पात्रात उतरतो
आणि परत वर यायचं विसरतो.

म्हणून मुहारुकुआ मास्तरांच्या अंगणात गेले.
त्यांची जुनी, पांढरी,
तीन लाख अकरा हजार चाललेली.
टाकी गळली की साबण चोळायचा, बास.
"मागच्या सीटवर दोन बाळं जन्मली हिच्या," मास्तर म्हणाले,
"आणि समुद्र हिने पाहिलेला नाही. शपथ."

मी पायाखालची चटई उचलली.
बोटभर वाळू. आमच्यासारखी तांबूस नव्हे, करडी.
तिच्यात नखाएवढा शिंपला.

मास्तरांनी टोपी काढली.
"बायको आजारी होती. तिला लाटा बघायच्या होत्या."
किती दिवस?
"...पावसाळाभर."

नव्या गाडीकडे लपवण्यासारखं काहीच नव्हतं,
अजून.

शिंपला त्यांच्या हातावर ठेवला
आणि हातोडी घेऊन गाडीखाली शिरले,
चॅसिस वीत वीत ठोकत,
आवाज कुठे बद्द होतो
ते ऐकत.