बिवळा

गगनबावड्याकडून आलेला ओंडका
टिंबर मार्केटात उतरवला तेव्हा
कापल्या तोंडातून लाल डिंक गाळत होता.
"रडतोय," हमाल म्हणाला.
"वाळतोय," म्हणाले धोंडबा मेस्त्री,
आणि आठ महिने त्याला सावलीत विसरले.

गिऱ्हाईक उचगावचं. लेकीला कपाट.
"सागवानी दिसाय पायजे हां."
मेस्त्री बोलले नाहीत, रंधा बोलला.
ढलप्या पडल्या तांबूस, कुरळ्या,
घामाला भुसा लागला तिथं बनियन पिवळं झालं;
काकूंचा साबण अजून हरतोय.

पॉलिशला मी.
सागाचा रंग डब्यात ढवळून घेतला.
"थांब. आधी नुसतं ओलं फडकं फिरव."
फिरवलं.
दारात उभी मुलगी चप्पल न काढता आत आली,
फळीवर तळवा ठेवून बापाला म्हणाली,
"असंच ऱ्हाऊ दे की."
रंगाचे दीडशे रुपये बुडाले माझे.

उरल्या तुकड्याचा मेस्त्रींनी पेला कातला.
रात्रभर पाणी ठेवतात, सकाळी पितात, शुगरसाठी.
उतरते का, ते डॉक्टरलाही विचारत नाहीत.
परवा ते पाणी काचेच्या ग्लासात ओतून
खिडकीशी धरलं:
कडेला निळी झाक.

"चाळीस वर्षं तासतोय," म्हणाले,
"हे कुठं हुतं रं आत?"